जुन्या चित्र-फाइलींच्या रूपांतराचा खर्च कोणाचा?

पेशवे दफ्तरातील एखादा मोडी कागद आज बाहेर काढला तर तो वाचता येतो. शाई फिकी झालेली असेल, कडा कसरीने खाल्लेल्या असतील, अक्षर घसटीचे असेल. तरीही मोडी जाणणारा माणूस आणि तो कागद यांच्यामध्ये तिसरे कोणी उभे नसते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, ते याच बळावर. संगणकात साठविलेल्या चित्राची गोष्ट मात्र निराळी आहे. ते चित्र माणसाला थेट दिसत नाही. एखाद्या यंत्राने आणि त्या यंत्रातील एखाद्या कार्यक्रमाने ते उलगडून दाखवावे लागते. हा मधला दुभाषी नाहीसा झाला, तर फाइल शाबूत असूनही चित्र नाहीसे होते. हा दुभाषी कोणी सांभाळायचा आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक भासला तरी वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आणि सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे.

बिटमॅप पद्धतीचे चित्र म्हणजे बिंदूंचा एक पट. प्रत्येक बिंदूचा रंग एका आकड्याने सांगितलेला असतो. परंतु आकडे कोणत्या क्रमाने लिहिले आहेत, ओळ डावीकडून सुरू होते की चित्राच्या तळापासून, एका बिंदूसाठी एक अंक आहे की चोवीस, पुनरावृत्त आकडे आखडून कसे लिहिले आहेत, हे आधी ठाऊक असावे लागते. या संकेतांच्या संचालाच फाइलचे स्वरूप किंवा फॉर्मॅट म्हणतात. १९८० नंतरच्या दशकात असे फॉर्मॅट भराभर जन्मास आले. १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशबरोबर मॅकपेंट आले. १९८५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने आयएफएफ हा फॉर्मॅट मांडला आणि कमोडोरच्या अमिगा संगणकावर तो रूढ झाला. १९८६ मध्ये आल्डसने टिफ आणले. झेडसॉफ्टच्या पेंटब्रशबरोबर पीसीएक्स पसरले. आणि १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्हने जीआयएफ प्रसृत केले.

या विविधतेला केवळ आडमुठेपणा म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. त्या काळी स्मृती महाग होती आणि प्रत्येक यंत्राची घडण वेगळी होती. मॅकपेंटचे चित्र ५७६ बाय ७२० बिंदूंचे आणि निव्वळ काळे-पांढरे असे. न आखडता ते लिहिले तर ५१,८४० बाइट लागतात, आणि पहिल्या मॅकिंटॉशच्या फ्लॉपीवर एकूण जागाच ४०० किलोबाइटची होती. म्हणजे अशी आठ चित्रेही तिच्यावर मावली नसती. अमिगावर रंगांचे अंक वेगवेगळ्या थरांत ठेवले जात, कारण त्या यंत्राचे चित्रमंडल तसेच वाचत असे. त्या त्या क्षणी, त्या त्या यंत्रापुरता विचार केला तर यांतील बहुतेक निर्णय शहाणपणाचेच होते.

आजची बचत, उद्याचा बोजा

परंतु अर्थशास्त्राचा एक जुना धडा येथे लागू पडतो. निर्णय घेणारा आणि त्याचे परिणाम भोगणारा हे दोघे वेगळे असले की निर्णयाची खरी किंमत हिशेबात येत नाही. कारखानदार धुराड्याचा खर्च वाचवितो आणि खोकला शेजारच्या वस्तीच्या वाट्याला येतो. फॉर्मॅट ठरविणाऱ्या कंपनीने स्मृतीची बचत केली किंवा ग्राहक आपल्यापाशी बांधून ठेवला. रूपांतराचा खर्च मात्र वीस-तीस वर्षांनी एखाद्या ग्रंथपालाच्या, वस्तुसंग्रहालयाच्या अथवा सामान्य कुटुंबाच्या माथी आला. दरम्यान कंपनीचे रूप बदललेले असते, कधी तर तिचे नावही उरलेले नसते. आल्डस ही कंपनी १९९४ मध्ये अडोबीत विलीन झाली आणि कमोडोरचे त्याच वर्षी दिवाळे निघाले. कोडॅकने १९९२ मध्ये फोटो-सीडी बाजारात आणली; तिच्या फाइलीचा संपूर्ण तपशील कंपनीने कधी खुला केला नाही, आणि बाहेरच्या अभ्यासू लोकांना तो खटपटीने शोधून काढावा लागला. पुढे २०१२ मध्ये कोडॅकलाच दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. ज्यांनी विश्वासाने घरची छायाचित्रे त्या तबकड्यांवर नोंदविली, त्यांच्या चित्रांची किल्ली अशा रीतीने एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहिली.

या बोज्याची कल्पना येण्यास दोन उदाहरणे पुरेशी आहेत. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल याने १९८५ मध्ये अमिगा संगणकावर काही चित्रे काढली. त्याच्या निधनानंतर त्या फ्लॉपी पिट्सबर्ग येथील त्याच्या नावाच्या संग्रहालयात पोचल्या आणि तेथे कित्येक वर्षे निमूट पडून राहिल्या. कोरी आर्केंजल या कलावंताच्या पुढाकाराने कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणक मंडळाने त्यांना हात घातला, तेव्हा असे दिसून आले की चित्रे अमिगाच्या रूढ फॉर्मॅटमध्ये नसून अद्याप बाजारात न आलेल्या एका कार्यक्रमाच्या अपरिचित फॉर्मॅटमध्ये आहेत. तो फॉर्मॅट उकलून चित्रे २०१४ मध्ये जगापुढे आली. जगद्विख्यात चित्रकाराच्या बाबतीत एवढे कष्ट घेणारे कोणी तरी भेटले. ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही अशा माणसाच्या फ्लॉपीसाठी कोण एवढे करील?

दुसरे उदाहरण ब्रिटनचे. १०८६ मध्ये तयार झालेल्या डूम्सडे या जमीन-नोंदवहीला नऊशे वर्षे झाली, त्या निमित्ताने १९८६ मध्ये बीबीसीने देशाची नवी नोंदवही तयार केली. शाळकरी मुलांसह दहा लाखांवर लोकांचा हातभार तिला लागला. मजकूर आणि चित्रे बारा इंची लेसर तबकड्यांवर साठविली गेली, आणि त्या वाचण्यासाठी विशिष्ट संगणक व विशिष्ट वाचनयंत्र आवश्यक ठरले. पंधरा-सोळा वर्षांतच ही यंत्रे दुर्मिळ झाली, आणि २००२ च्या सुमारास लीड्स व मिशिगन या विद्यापीठांतील संशोधकांना जुन्या यंत्राची नक्कल नव्या संगणकात उभी करावी लागली. या अवधीत १०८६ ची नोंदवही लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पूर्ववत् वाचता येत होतीच. नऊ शतके टिकलेल्या चर्मपत्रापुढे दोन दशकेही धड न टिकलेली तबकडी, हा विरोधाभास सर्व देशांच्या दफ्तरखान्यांनी ध्यानात ठेवावा असाच आहे.

मक्तेदारीचा धडा

फॉर्मॅटच्या स्वामित्वाचा प्रश्न केवळ विस्मृतीपुरता मर्यादित नाही. जीआयएफ फॉर्मॅटात आकडे आखडण्याची जी रीत वापरली जाते, तिच्यावर युनिसिस कंपनीचे अमेरिकन पेटंट होते. ते १९८५ मध्ये मंजूर झाले होते. दोन वर्षांनी कॉम्प्युसर्व्हने फॉर्मॅट खुला म्हणून प्रसृत केला आणि जगभरच्या लोकांनी तो निर्धास्तपणे स्वीकारला. फॉर्मॅट सर्वत्र रुजल्यानंतर, डिसेंबर १९९४ मध्ये, त्यावर आधारलेले कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी परवाना-शुल्क भरावे असे जाहीर झाले. वाट रुळून गेल्यावर तिच्यावर जकातीचे नाके बसावे, तसाच हा प्रकार होता. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही गैर नसेलही; परंतु ज्यांनी हजारो चित्रे या फॉर्मॅटमध्ये साठविली होती, त्यांच्यापुढे आता शुल्क किंवा रूपांतर असे दोनच मार्ग उरले.

या प्रसंगातून एक चांगली गोष्टही निष्पन्न झाली. १९९५ च्या आरंभी काही संगणकतज्ज्ञ पत्रव्यवहारातून एकत्र आले आणि त्यांनी पेटंटमुक्त असा पीएनजी फॉर्मॅट सिद्ध केला. १ ऑक्टोबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याची शिफारस केली. जीआयएफवरील अमेरिकन पेटंटची मुदत २००३ मध्ये संपली आणि आज तो फॉर्मॅटही मुक्त आहे. तात्पर्य, फॉर्मॅट लोकप्रिय असणे आणि तो सार्वजनिक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही.

वस्तुविनिमय आणि नाणे

रूपांतराचे तंत्र ज्या लोकांनी सुलभ केले, त्यांच्या कामात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक ओळखीची कल्पना आढळेल. समजा शंभर फॉर्मॅट आहेत आणि प्रत्येकातून इतर प्रत्येकात जाण्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम लिहावयाचा आहे. असे ९,९०० कार्यक्रम लागतील. ही वस्तुविनिमयाची अवस्था होय. धान्य देऊन कापड, कापड देऊन गूळ, आणि दर सौद्याला नवा भाव. परंतु सर्वांनी एक मध्यवर्ती फॉर्मॅट मानला आणि प्रत्येक फॉर्मॅटसाठी त्यात येण्याचा एक व त्यातून बाहेर पडण्याचा एक एवढेच कार्यक्रम लिहिले, तर ते २०० मध्ये भागते. नाण्याने बाजारात जे साधले, तेच येथे साधते.

जेफ पॉस्कांझर याने १९८८ मध्ये प्रसृत केलेला पीबीएमप्लस हा कार्यक्रम-संच याच तत्त्वावर उभा होता. त्यातील मध्यवर्ती फॉर्मॅट इतका साधा आहे की चित्राची लांबी-रुंदी आणि बिंदूंचे आकडे साध्या मजकुरासारखे ओळीने लिहिता येतात. कागदावर छापले तर शाळकरी मुलगाही चौकटींच्या वहीत ते चित्र रंगवू शकेल. तो जागा फार खातो. उलट, दुभाष्यावाचून समजतो. हाच संच पुढे नेटपीबीएम या नावाने स्वयंसेवकांनी चालविला. १९९० मध्ये खुला झालेला इमेजमॅजिक हा दुसरा संच आज दोनशेहून अधिक फॉर्मॅट हाताळतो. ही कामे प्रायः मोबदल्याविना झाली आहेत. जगातील मोठमोठी दफ्तरे आणि संग्रहालये ज्या पुलावरून ये-जा करतात, त्याची डागडुजी मूठभर माणसे फावल्या वेळात करीत आहेत, ही वस्तुस्थिती आहे. सार्वजनिक वस्तूचा लाभ सर्वांना होतो, म्हणूनच तिचा खर्च उचलण्यास कोणी पुढे येत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकविले जाणारे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरलेले दिसते.

रूपांतर म्हणजे नक्कल नव्हे

रूपांतराची साधने उपलब्ध आहेत, तेव्हा सारी जुनी चित्रे एकदाची नव्या फॉर्मॅटमध्ये उतरवून मूळ फाइली टाकून द्याव्यात, असा सल्ला व्यवहारी माणूस देईल. हा सल्ला घातक आहे. भाषांतरात जसे काही गळते, तसे रूपांतरातही गळते. चोवीस अंकी चित्रात १,६७,७७,२१६ रंग संभवतात. ते जीआयएफमध्ये उतरविले की एका चित्राच्या वाट्याला २५६ रंगच येतात. जेपीईजी हा फॉर्मॅट, डोळ्याला सहसा जाणवणार नाही असा तपशील गाळूनच जागा वाचवितो. छायाचित्राला ते चालते, पण बारीक अक्षरांच्या दस्तऐवजात अक्षरांच्या कडा पुसट होतात. जुन्या यंत्रांवरील बिंदू पुष्कळदा चौरस नसत. अमिगावरील ६४० बाय २०० बिंदूंचे चित्र पडद्यावर नेहमीच्या प्रमाणात दिसे. तेच आज बिंदूस बिंदू जुळवून उतरविले तर माणसांचे चेहरे चेपलेले दिसतात. शिवाय फाइलीतच नोंदविलेली तारीख, टीप अथवा रंगांची माहिती नव्या फॉर्मॅटला ठाऊक नसेल तर ती मुकाट्याने गळून पडते, आणि गळाली हे कोणाला कळतही नाही. म्हणून रूपांतरित प्रत वापरासाठी असावी. मूळ फाइल पुराव्यासाठी जतन केलीच पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. जेफ रॉथेनबर्ग याने १९९५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात संगणकीय दस्तऐवज दुर्बोध होण्याच्या धोक्याकडे लक्ष वेधले. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड रोझेन्थाल यांच्यासारख्या जाणकारांनी असे प्रतिपादिले की, इंटरनेटच्या प्रसारानंतर सर्रास वापरात आलेले फॉर्मॅट सहसा मरत नाहीत, कारण त्यांचे वाचक-कार्यक्रम खुल्या स्वरूपात सर्वत्र पसरलेले असतात. खरी भीती फाइलीच हरवण्याची आणि त्या सांभाळण्यास पैसा नसण्याची आहे. या म्हणण्यात बरेच तथ्य आहे. पीसीएक्स किंवा मॅकपेंटची फाइल आजही विनासायास उघडता येते. परंतु हा युक्तिवाद नीट पाहिला तर तो खुल्या फॉर्मॅटच्या बाजूचाच आहे. जे फॉर्मॅट खुले होते अथवा ज्यांची उकल कोणी तरी केली, ते वाचले. वॉरहॉलच्या फाइलींसारखे आडवळणाचे फॉर्मॅट आणि डूम्सडेसारख्या एकाच यंत्राशी जखडलेल्या रचना संकटात सापडल्या.

जुने दुभाषी कायम ठेवण्यालाही किंमत आहे, हेही विसरता कामा नये. २०१६ मध्ये इमेजमॅजिकमध्ये असा दोष उघडकीस आला की, मुद्दाम घडविलेली एखादी चित्र-फाइल पाठवून परक्या संगणकावर हवी ती आज्ञा बजावता येत असे. असे प्रसंग घडले की क्वचित लागणाऱ्या फॉर्मॅटचे दार बंदच ठेवावे, असे व्यवस्थापकाला वाटणे स्वाभाविक आहे. म्हणजे दुर्लक्षित कार्यक्रम आज धोकादायक ठरतो आणि उद्या त्याच कारणाने काढून टाकला जातो. यावर उपाय एकच. त्या कार्यक्रमांची निगा राखणाऱ्यास नियमित द्रव्यबळ मिळाले पाहिजे.

आपल्या दफ्तरांचे काय?

हा प्रश्न आपल्या दारापासून दूर नाही. भारतीय विज्ञान संस्था आणि कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या सहकार्याने या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या योजनेत लाखो पुस्तकांची पाने टिफ फॉर्मॅटमध्ये उतरविली गेली. त्यांत जुनी मराठी पुस्तके पुष्कळ होती. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले. तरीही त्यांतील बहुसंख्य पुस्तके आज इंटरनेट अर्काइव्हवर वाचता येतात. ती वाचली याची कारणे दोन : त्यांच्या प्रती अन्यत्र घेतल्या गेल्या होत्या, आणि टिफ हा प्रकाशित, सर्वांना ठाऊक असलेला फॉर्मॅट होता. यांपैकी एक जरी गोष्ट उणी असती, तरी मराठी वाचकाचे मोठे नुकसान झाले असते.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात जुने महसुली व शालेय कागद तपासले गेले, त्यांत मोडीतील कागदही होते. सापडलेल्या कुणबी नोंदींच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. त्या वादाची गुणवत्ता येथे प्रस्तुत नाही. प्रस्तुत आहे ते एवढेच की, शंभर वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर आज एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश किंवा कारकुनाची नेमणूक ठरू शकते. मग आज आपण ज्या प्रतिमा तयार करीत आहोत, त्यांवर आणखी पन्नास वर्षांनी कोणाचे काय ठरेल, हे कोणी सांगावे? कागद जीर्ण झाला म्हणून प्रतिमा केली, आणि प्रतिमा झाली म्हणून कागदाकडे दुर्लक्ष झाले, तर पुढे प्रतिमा न उघडल्यास नागरिकाने दाद कोठे मागावी?

कायद्याने या बाबतीत पुरेशी दिशा दाखविली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ अन्वये, जतन केलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढेही वापरता येईल असा सुगम राहिला पाहिजे, आणि तो मूळ फॉर्मॅटमध्ये अथवा मूळ माहिती अचूक दर्शविणाऱ्या फॉर्मॅटमध्ये असला पाहिजे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले आणि त्यात स्वामित्वशुल्करहित मानकांवर भर दिला. तेव्हा नव्या कायद्याची निकड नाही; गरज आहे ती हे कायदे निविदेच्या अटींपर्यंत आणि कचेरीच्या टेबलापर्यंत पोचण्याची. कागदांच्या प्रतिमा करून देणाऱ्या ठेकेदाराला दर पानामागे पैसे मिळतात. ते पान तीस वर्षांनी उघडावे यात त्याचा आर्थिक हितसंबंध नसतो. तो निर्माण करणे हे करार करणाऱ्याचे काम आहे.

त्यासाठी चार गोष्टी कराव्या लागतील. एक, सार्वजनिक पैशाने होणारी प्रत्येक प्रतिमा प्रकाशित आणि शुल्करहित फॉर्मॅटमध्येच घेतली जावी, व तपशील न गाळणारी एक प्रत स्वतंत्र ठिकाणी ठेवली जावी. दोन, प्रत्येक दफ्तराने आपल्यापाशी कोणत्या फॉर्मॅटच्या किती फाइली आहेत याची नोंदवही ठेवावी. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने प्रोनॉम नावाने फॉर्मॅटांची जी सूची सर्वांसाठी खुली केली आहे, तिचा आधार घेता येईल. तीन, ठरावीक वर्षांनी काही फाइली उघडून पाहण्याची तपासणी लेखापरीक्षणाचाच भाग व्हावी. तिजोरीतील रोकड मोजली जाते, तशी स्मृतीही मोजली जावी. चार, रूपांतराचे जे खुले कार्यक्रम सरकारी कचेऱ्या आणि विद्यापीठे फुकट वापरतात, त्यांच्या देखभालीस अंदाजपत्रकातून अल्पस्वल्प का होईना, पण नियमित वाटा द्यावा. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम सोपविले तर त्यांचे शिक्षण होईल आणि समाजाची सेवाही.

१९५६ च्या कायद्याने देशभर दशमान वजनेमापे आणण्याचे ठरविले, तेव्हा शेर, पायली आणि मण गावोगावी वेगवेगळे भरत होते, आणि त्या गोंधळाचा तोटा अडाणी गिऱ्हाईकालाच सोसावा लागत होता. मापे एकसारखी करण्याचा खर्च शासनाने उचलला, कारण तो खर्च कोणत्याही एका व्यापाऱ्याने उचलला नसता. चित्र-फाइलींचे फॉर्मॅट ही आजची मापेच आहेत. त्यांची जबाबदारी बाजारावर सोपवून स्वस्थ बसल्यास रूपांतराचे देयक चुकणार नाही. ते केवळ पुढच्या पिढीच्या नावे लिहिले जाईल, आणि त्या पिढीला ते फेडणे शक्य असेलच असे नाही.